राखीव पोर्ट : स्विचमधल्या रिकाम्या जागेचा इतिहास

  

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज एका डब्याबद्दल बोलायचं आहे. बँकेची शाखा असो, कॉलेज असो, इस्पितळ असो, कुठल्या तरी खोलीत भिंतीवरच्या कपाटात एक चपटा डबा लुकलुकत असतो. त्याला नेटवर्क स्विच म्हणतात. पुढच्या बाजूला केबल लावायची भोकं असतात, 24 किंवा 48. त्या प्रत्येकाला पोर्ट म्हणतात. एका पोर्टातून आलेली माहिती योग्य त्या दुसऱ्या पोर्टातून बाहेर काढणं, एवढंच या डब्याचं काम.

मोठ्या डेटा सेंटरमधल्या स्विचची माहितीपुस्तिका नीट वाचली, तर एक विचित्र सूचना भेटते. अमुक एक प्रगत सुविधा चालू करायची असेल तर इतके पोर्ट, किंवा पोर्टाची इतकी बँडविड्थ, राखून ठेवा. बँडविड्थ म्हणजे एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते ती क्षमता. राखून ठेवलेल्या पोर्टात केबल लावायची नाही. म्हणजे पैसे पूर्ण डब्याचे द्यायचे आणि वापरायला काही पोर्ट कमी. खरेदीच्या फाईलवर सही करणाऱ्या माणसाला हा सरळसरळ तोटा वाटतो.

ही रिकामी जागा खरंच वाया जाते का? ती ठेवली नाही तर किंमत कोण मोजतं? हा प्रश्न आजचा नाही. टेलिफोनइतका जुना आहे. आणि त्याची बरीच उत्तरं आपल्या बंगळुरूत आणि इथून बेळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर शोधली गेली आहेत.

रिकामी लाइन आणि नवा लेफ्टनंट

ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे त्यांना ट्रंक कॉल आठवत असेल. नंबर बुक करायचा आणि फोनजवळ बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार होते. लाइटनिंगला पैसे कितीतरी पट जास्त, पण रांगेत तो सगळ्यांच्या पुढे. दोन शहरांमधल्या लाइनी मोजक्याच होत्या. त्यामुळे कोणाला आधी, हे ठरवणं ऑपरेटरच्या हातात आणि दरपत्रकात होतं. भारतात ऑपरेटरशिवाय थेट दुसऱ्या शहरात फोन लावायची सोय, म्हणजे एसटीडी, पहिल्यांदा सुरू झाली ती 26 नोव्हेंबर 1960 रोजी, कानपूर आणि लखनौ या दोन शहरांमध्ये.

फौजेत पैशांऐवजी निकड चालते. संदेशांचे चार दर्जे: रूटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट आणि फ्लॅश. फ्लॅश आला की बाकी सगळं थांबतं. सिग्नल सेंटरमध्ये काही लाइनी अशा असतात की त्या दिवसचे दिवस रिकाम्या दिसतात. नवा आलेला लेफ्टनंट हमखास विचारतो, "सर, ही लाइन तर कोणी वापरतच नाही. जवानांना घरी बोलायला का देत नाही?" त्याचा प्रश्न चुकीचा नसतो. जवानाला घरी बोलायला मिळालं पाहिजे, त्यासाठी लाइनी वाढवा. पण ही लाइन रिकामी आहे म्हणूनच उपयोगाची आहे. ज्या क्षणी तिची गरज पडेल, त्या क्षणी बाकीच्या सगळ्या लाइनी भरलेल्या असणार. संकट एकट्या सेनापतीला कळत नाही, ते सगळ्यांना एकदमच कळतं.

अमेरिकन सैन्याने 1960च्या दशकात ऑटोव्हॉन नावाचं स्वतःचं टेलिफोन जाळं उभारलं. त्यातल्या फोनवर नेहमीच्या 12 बटणांऐवजी 16 बटणं होती. जास्तीच्या चार बटणांनी कॉलचा दर्जा सांगायचा. सगळ्यात वरचा दर्जा होता फ्लॅश ओव्हरराइड. तो दाबला की गरज पडल्यास खालच्या दर्जाचा चालू कॉल मध्येच तुटायचा. इथे दोन वेगळ्या पद्धती दिसतात. पहिली, जागा आधीच राखून ठेवायची. दुसरी, वेळ आली की कोणाची तरी हिसकावून घ्यायची. पुढचा सगळा इतिहास या दोन पद्धतींचा आहे.

दूरवाणीनगरचा धडा

1948 साली बंगळुरूत इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय, सुरू झाली. कृष्णराजपुरमजवळच्या त्या वसाहतीचं नावच दूरवाणीनगर. कानडीत टेलिफोनला दूरवाणी म्हणतात. देशभरातल्या काळ्या डायलच्या फोनांवर आणि एक्सचेंजवर या कारखान्याचा शिक्का होता. सुरुवातीला इथे स्ट्रोजर पद्धतीची एक्सचेंज बनत. पुढे 1964 साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या बेल टेलिफोन कंपनीशी करार करून पेंटाकोंटा नावाचं क्रॉसबार एक्सचेंज बनवायचं ठरलं.

यंत्र चांगलं होतं, पण ते युरोपच्या सवयींवर बेतलेलं होतं. तिथे घरोघरी फोन, त्यामुळे एका फोनवर दिवसभरात मोजकेच कॉल. आपल्याकडे एका फोनवर अख्खी चाळ बोलायची. आठवा, लग्नपत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे 'पी.पी.' लिहिलेलं असायचं. फोन शेजाऱ्यांचा, निरोप आपला. दुकानातला फोन तर सकाळी उचलला की रात्रीच खाली ठेवला जायचा. एक्सचेंजच्या आतले मार्ग एवढ्या वर्दळीसाठी मोजलेले नव्हते. ते भरून जायचे. लोक पुन्हा पुन्हा डायल फिरवायचे, आणि प्रत्येक फुकट गेलेला प्रयत्न पुन्हा यंत्राचाच वेळ खायचा. शेवटी भारतीय इंजिनिअरांना त्या रचनेत आपल्या वर्दळीनुसार बदल करावे लागले.

यामागचं गणित डेन्मार्कच्या एरलांग नावाच्या गणितज्ञाने 1917 साली मांडून ठेवलं होतं. सोप्या आकड्यांत सांगतो. दोन गावांमध्ये 10 लाइनी आहेत, आणि गर्दीच्या तासाला सरासरी 5 लाइनी गुंतून राहतील एवढी वर्दळ आहे. एरलांगचं सूत्र सांगतं की 100 पैकी साधारण 2 कॉल लागणार नाहीत. ठीक आहे. आता वर्दळ दुप्पट झाली, म्हणजे सरासरी 10 लाइनींची. लाइनी त्याच 10. न लागणारे कॉल किती? दुप्पट, म्हणजे 4? नाही. 100 पैकी 21. आणि हे लोकांनी पुन्हा डायल करण्यापूर्वीचं.

हे सूत्र लक्षात ठेवा, कारण ते उलट बाजूनेही चावतं. वर्दळ सरासरी 5 लाइनींचीच, पण 10 मधल्या 2 लाइनी आपण राखून ठेवल्या, उरल्या 8. मग न लागणारे कॉल 2 वरून 7 वर जातात. पाचवा हिस्सा राखला आणि सामान्य माणसाचा त्रास जवळजवळ चौपट झाला. म्हणून राखीव जागा फुकट मिळते असं मी म्हणणार नाही. तिची किंमत आहे आणि ती मोजावी लागते. प्रश्न फक्त ती आधी मोजायची की नंतर, एवढाच आहे.

चोरलेला बिट

आता आवाजाचे आकडे झाले तो काळ घ्या. 1962 साली अमेरिकेत बेल कंपनीने टी-1 नावाची व्यवस्था सुरू केली. माणसाच्या आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुन्याला 8 बिटांची जागा द्यायची. बिट म्हणजे शून्य किंवा एक. असे सेकंदाला 64,000 बिट झाले की एक संभाषण. तारांच्या दोन जोड्यांवरून अशी 24 संभाषणं आळीपाळीने पाठवायची. प्रत्येकाला वेळेचा छोटासा तुकडा, त्याला टाइम स्लॉट म्हणतात.

पण नुसता आवाज पोचून भागत नाही. फोन उचलला, ठेवला, कुठला नंबर हवा, हे निरोपही पलीकडे जायला हवेत. त्याला सिग्नलिंग म्हणतात. अमेरिकनांनी त्यासाठी वेगळा स्लॉट ठेवला नाही. पुढे त्यांनी दर सहाव्या फेरीला प्रत्येक संभाषणाच्या नमुन्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा एक बिट काढून घेतला आणि त्यात निरोप भरला. या पद्धतीचं तिथलं नावच 'रॉब्ड बिट', म्हणजे चोरलेला बिट. माणसाच्या कानाला फरक कळत नव्हता. 24 च्या 24 जागा विकता आल्या. सगळे खूश.

युरोपने दुसरा मार्ग धरला. त्यांनी 32 स्लॉट केले आणि 30 च विकले. शून्यावा स्लॉट दोन्ही टोकांचा ताल जुळवण्यासाठी, सोळावा सिग्नलिंगसाठी. 32 पैकी 2, म्हणजे सव्वासहा टक्के जागा कायमची बाजूला. भारताने हीच 30 संभाषणांची पद्धत स्वीकारली. पुढे सगळीकडे तिला ई-1 म्हणू लागले. आपल्या टेलिफोन खात्यात 'टू एमबी' म्हणून जिचा उल्लेख व्हायचा ती हीच, सेकंदाला 20 लाख 48 हजार बिटांची.

बरीच वर्षं कोणालाच फरक पडला नाही. मग त्याच तारांवरून कॉम्प्युटर बोलू लागले. माणसाचा कान एक बिट इकडे-तिकडे झाला तर चालवून घेतो. बँकेच्या हिशेबात एक बिट बदलला तर रक्कम बदलते. ज्या ठिकाणी कोणता बिट चोरला जाईल याची खात्री नाही, तिथे तो आठवा बिट वापरायचाच नाही, एवढाच उपाय उरला. म्हणून अमेरिकेत वर्षानुवर्षं डेटाची लाइन 56 किलोबिटची राहिली. भारतात आणि युरोपात ती पूर्ण 64 ची मिळत होती. ज्यांनी सव्वासहा टक्के आधी सोडले त्यांना पुढे प्रत्येक लाइन अखंड मिळाली. ज्यांनी काहीच सोडलं नाही, त्यांनी डेटाच्या प्रत्येक लाइनीतला आठवा हिस्सा गमावला.

कित्तूरचे 128 पोर्ट

ऑगस्ट 1984 मध्ये सरकारने सी-डॉट ही संस्था स्थापन केली. भारतीय हवामानात, भारतीय वर्दळीत चालेल असं डिजिटल एक्सचेंज स्वतः बनवायचं, 36 महिन्यांत आणि 36 कोटी रुपयांत. काम दिल्ली आणि बंगळुरू अशा दोन ठिकाणी चालायचं. सॅम पित्रोदांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्याबरोबर जी. बी. मीमांसी होते, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले डॉ. एम. व्ही. पिटके होते. पिटके यांनी त्याआधी सैन्यासाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर काम केलं होतं, हे आमच्यासारख्या फौजींना विशेष सांगावंसं वाटतं.

त्यांनी आधी छोटं यंत्र हातात घेतलं: 128 पोर्टांचं ग्रामीण एक्सचेंज, रॅक्स. जुलै 1986 मध्ये ते पहिल्यांदा सेवेत आलं, ते कित्तूरला. बेळगाव जिल्ह्यातलं, राणी चन्नम्माचं कित्तूर. धारवाड-बेळगाव रस्त्यावरून जाताना डावी-उजवीकडे किल्ल्याची पाटी दिसते, तेच. यंत्राला वातानुकूलित खोली लागत नव्हती. धूळ, उकाडा, वीज येणं-जाणं, हे सगळं गृहीत धरून ते बनवलं होतं.

आता आपल्या विषयाकडे. 128 पोर्ट म्हणजे 128 घरांना फोन नव्हे. काही जागा बाहेरच्या गावांकडे जाणाऱ्या जंक्शन लाइनींना द्याव्या लागत. काही घरच्या कामांना: डायल टोन ऐकवायचा, एंगेज टोन वाजवायचा, लाइनींची चाचणी घ्यायची. फोनसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या गावात ग्राहकांच्या जागा अशा कमी करणं सोपं नसतं. त्या वेळी अख्ख्या देशात फोन फारच कमी होते. प्रत्येक पोर्टामागे एक अर्जदार उभा होता.

पण विचार करा. जंक्शन लाइनी कमी ठेवल्या असत्या तर गावातल्या गावात फोन लागले असते. त्यासाठी माणूस ओट्यावरून हाक मारतो. कित्तूरच्या शेतकऱ्याला धारवाडच्या बाजारातला भाव हवा होता, हुबळीच्या डॉक्टरला गाठायचं होतं. बाहेर जायचा रस्ता राखला म्हणून आतल्या प्रत्येक फोनला किंमत आली. पेंटाकोंटाने शिकवलेला धडा या वेळी आधीच पाटीवर लिहिलेला होता. पुढे सी-डॉटच्या मोठ्या एक्सचेंजची परीक्षा बंगळुरूच्या हलसूरमध्ये झाली, आणि त्याच घराण्यातली यंत्रं देशभर गेली.

राखीव रस्त्यावरून आलेला पाहुणा

राखीव जागेचा आणखी एक गुण आहे. ती ठेवताना ज्या कामाचा विचारही केलेला नसतो, ते काम पुढे तिच्यावर उभं राहतं.

तो सोळावा स्लॉट घ्या. सुरुवातीला त्यात फोन उचलला-ठेवला एवढेच निरोप. पुढे त्याच वेगळ्या रस्त्यावरून सिग्नलिंग क्रमांक 7 नावाची सविस्तर भाषा धावू लागली. समोरच्याचा नंबर फोनवर दिसणं, 1800 चा मोफत नंबर, एका शहरातला मोबाइल दुसऱ्या शहरात चालणं, हे सगळं त्या भाषेमुळे शक्य झालं. बोलण्याच्या स्लॉटमध्ये निरोप कोंबत बसलो असतो तर यातलं फारच थोडं जमलं असतं.

मोबाइलमध्येही तेच. जीएसएम पद्धतीत एका लहरीवर 8 टाइम स्लॉट असतात. प्रत्येक टॉवरला त्यातली काही जागा नियंत्रणासाठी बाजूला ठेवावीच लागते. तुमचा फोन कुठे आहे, कॉल आला आहे का, ही विचारपूस तिथून चालते. काही इंजिनिअरांच्या लक्षात आलं की या रस्त्यावर बराच वेळ वर्दळ नसते. त्यावरून छोटी चिठ्ठी पाठवली तर? निरोपाची कमाल लांबी 140 बाइट होती. इंग्रजी अक्षरं 7 बिटांची धरली तर 160 अक्षरं बसतात. असा एसएमएस जन्मला. पहिला गेला 3 डिसेंबर 1992 रोजी, इंग्लंडमध्ये. आणि आपण देवनागरीत लिहायचो तेव्हा 70 अक्षरांतच चिठ्ठी का संपायची? कारण त्यात प्रत्येक अक्षराला 16 बिट लागतात. 140 बाइटमध्ये तेवढीच बसतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा दोन तुकड्यांत पोचायच्या त्याचं कारण हे.

इंटरनेटनेही ही शिस्त घेतली, आणि थेट फौजेकडून घेतली. सप्टेंबर 1981 मध्ये इंटरनेटच्या मूळ नियमांचा जो दस्तऐवज निघाला, त्यात प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावर दर्जा सांगायला 3 बिट ठेवलेले आहेत. म्हणजे आठ दर्जे. त्यांची नावं वाचून कोणीही सैनिक हसेल: रूटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश, फ्लॅश ओव्हरराइड. पण त्यांच्याही वर सगळ्यात उंच दोन दर्जे आहेत, ते जाळ्याच्या स्वतःच्या नियंत्रणासाठी. सेनापतीच्या निरोपापेक्षा रस्ता चालू ठेवणाऱ्याचा निरोप वरचा. बरोबरच आहे. रस्ता बंद पडला तर सेनापतीचा निरोप तरी कशावरून जाणार?

टपालाची थैली आणि दुसरी फेरी

आता आपण त्या लुकलुकणाऱ्या डब्याकडे परत येऊ. त्याच्या आत एक चिप असते. रेल्वे मेल सर्व्हिसच्या डब्यातलं टपाल छाटणीचं टेबल डोळ्यांसमोर आणा. पत्र एका टोकाने येतं, पत्ता वाचला जातो, योग्य खणात पडतं. एक पत्र, एक फेरी. चिपही असंच काम करते, फक्त सेकंदाला कोट्यवधी पत्रं.

आता समजा पत्राऐवजी सीलबंद थैली आली. थैलीवर पत्ता पुण्याचा. ती पुण्यात उघडली की आतल्या पत्रांवर वेगवेगळे पत्ते. ती पत्रं छाटायची तर पुन्हा टेबलाच्या पहिल्या टोकाला ठेवावी लागणार. तिथे समोरून नव्या टपालाचा लोंढा येतो आहे. जागा राखली नसेल तर ही पत्रं ठेवायची कुठे?

डेटा सेंटरमध्ये नेमकं हेच घडतं. अनेक ग्राहकांची जाळी एकाच यंत्रसामग्रीवर वेगवेगळी ठेवायची असतात. जुन्या व्हीलॅन पद्धतीत अशी 4,094 च जाळी करता यायची. म्हणून व्हीएक्सलॅन आली. तिचा दस्तऐवज ऑगस्ट 2014 चा. ती प्रत्येक पाकिटाला आणखी एका पाकिटात घालते, आणि 1 कोटी 67 लाखांहून जास्त जाळी वेगळी ठेवू शकते. पण थैली उघडून आतल्या पत्त्यावरून पुढचा मार्ग ठरवणं त्या काळातल्या बऱ्याच चिपना एका फेरीत जमत नसे. ब्रॉडकॉमची ट्रायडंट 2 ही खूप खपलेली चिप त्यातलीच. उपाय असा निघाला: एखादा पोर्ट स्वतःलाच जोडायचा. पाकीट त्या पोर्टातून 'बाहेर' पडतं आणि तिथूनच आत येतं. त्याची दुसरी फेरी होते. याला लूपबॅक म्हणतात. हाच आपला राखीव पोर्ट. जुनिपरच्या मोठ्या राउटरांवर तर टनेलच्या कामासाठी किती बँडविड्थ राखायची, हे स्पष्ट आज्ञा देऊन सांगावं लागतं. नंतरच्या चिपना एका फेरीत जास्त कामं जमू लागली, पण प्रत्येक पिढीत नवी सुविधा येते आणि दुसऱ्या फेरीची गरज नव्या रूपात परत येते.

बंगळुरूशी याचा संबंध? सिस्को, जुनिपर, अरिस्टा, ब्रॉडकॉम या सगळ्यांची मोठी इंजिनिअरिंग कार्यालयं या शहरात आहेत. आयटीआयच्या कारखान्यापासून काही किलोमीटरच्या परिसरात आज त्याच प्रश्नावर नवी पिढी डोकं खाजवते आहे, आणि त्यात मराठी मुलंमुली भरपूर आहेत.

गणित करून पाहू. 10 गिगाबिटचे 48 पोर्ट आणि 40 गिगाबिटचे 6, असा डबा घ्या. बेरीज 720 गिगाबिट. जाहिरातीत येणं आणि जाणं दोन्ही मोजून 1.44 टेराबिट लिहिलेलं असतं. त्यातला एक 40 चा पोर्ट तुम्ही दुसऱ्या फेरीसाठी राखला. म्हणजे थैल्या उघडायची क्षमता 40 गिगाबिट. तुमच्या जाळ्यात अशी वर्दळ 100 गिगाबिटची असेल तर 60 कुठे जाईल? ती टाकून दिली जाईल. डब्यावरचे सगळे दिवे हिरवेच राहतील. आणि इस्पितळातला माणूस म्हणेल, आज एक्स-रे उघडायला फार वेळ लागतो आहे.

किती राखायचं?

फौजेत राखीव दलाबद्दल दोन चुका शिकवतात. एक, राखीव न ठेवणं. दुसरी, राखीव ठेवून वेळेवर न वापरणं. पहिल्या चुकीचं नाव मराठी माणसाला सांगावं लागत नाही. 14 जानेवारी 1761 रोजी दुपारनंतर अब्दालीने हाताशी राखलेली फौज मैदानात उतरवली, तेव्हा भाऊसाहेबांकडे समोर टाकायला ताजी फौज उरली नव्हती. सकाळपासून लढाई चालू होती, शौर्याची कमतरता नव्हती. कमी पडली ती न वापरलेली शक्ती.

दुसरी चूक तितकीच खरी आहे. भीतीपोटी दहातल्या चार लाइनी राखल्या तर रोजच्या माणसाचा फोन लागणारच नाही, हे एरलांगने दाखवलंच आहे. राखीव जागा मोजून ठेवायची असते, आणि वर्दळ बदलली की पुन्हा मोजायची असते.

26 जुलै 2005 आठवा. मुंबई पाण्याखाली, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस, आणि लाखो माणसं एकाच वेळी घरी फोन लावत होती. मोबाइल लागत नव्हते. रोजच्या दिवसासाठी पुरेशी असलेली जागा अशा दिवशी पुरत नाही. अशा वेळी अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि पोलीस यांच्या कॉलला जागा राहिली पाहिजे. ती जागा त्या दिवशी सकाळी तयार करता येत नाही. कोणीतरी, कधीतरी, कोरड्या दिवशी, ती रिकामी ठेवायचा निर्णय घेतलेला असावा लागतो. आणि त्या निर्णयाबद्दल त्या माणसाला बहुधा बोलणीच खावी लागलेली असतात.

तुमच्यापैकी कोणी शाळा-कॉलेजच्या, पतपेढीच्या किंवा इस्पितळाच्या समितीवर असेल, तर असा डबा घेताना विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. एक, आम्हाला हव्या असलेल्या सुविधा चालू केल्यावर प्रत्यक्ष किती पोर्ट आणि किती क्षमता उरते? दोन, राखीव रस्ता भरून वाहिला तर माहिती कुठे टाकली जाते, आणि ती टाकल्याची नोंद आम्हाला कुठे दिसेल? तीन, ती सुविधा बंद केली तर राखलेली जागा परत मिळते का, आणि त्यासाठी यंत्र बंद करून चालू करावं लागतं का? उत्तरं लेखी घ्या. जो विक्रेता तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तर देतो, त्याचा डबा थोडा महाग असला तरी चालेल.

पुढच्या भागात आपण कित्तूरच्याच रस्त्यावर थांबणार आहोत, पण टेलिफोनसाठी नाही. 1824 साली राणी चन्नम्माने धारवाडच्या कलेक्टर थॅकरेच्या फौजेशी जी लढाई दिली, तिचा नकाशा घेऊन बसू. तोपर्यंत रजा घेतो. जय हिंद.